कातडीवाल्यांची गल्ली

रेहोवोत,
१६ मार्च २००३

प्रिय गेरशोन,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघे बरे आहोत. योरामचा गुडघा दुखतो, पण तो तू इथे होतास तेव्हाही दुखतच होता. तुम्ही सगळे मॉन्ट्रियलला सुखरूप असाल असे धरून चालते. इथे संत्र्यांना मोहोर आला आहे आणि इराकवर हल्ला कधी सुरू होतो याची सगळे वाट पाहत आहेत. विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे घरोघरी आहेतच. योरामने मागच्या खोलीच्या खिडकीला प्लास्टिक चिकटवले, वाकडे चिकटवले. मी ते काढून पुन्हा चिकटवले.

तेरा वर्षांनी माझे अक्षर पाहून तुला आश्चर्य वाटेल. वाटू दे. बाबांच्या सुतकाच्या सात दिवसांत आपल्यात जे झाले त्यावर मी लिहिणार नाही. कामाचे लिहिते.

तुला माहीत आहे, मी दहावी-अकरावीला त्या काळाचा इतिहास नकाशावरून शिकवते. साठ लाख ज्यू मारले गेले, हा आकडा मुलांच्या डोक्यावरून जातो. ती वहीत लिहितात, अधोरेखित करतात, विसरतात. म्हणून मी आकड्याने सुरुवात करत नाही. एक गाव देते, झालेश्नो, आणि एक मोजपट्टी. बाजारापासून प्रार्थनाघरापर्यंत किती पावले? प्रार्थनाघरापासून, जिथे गावाला मारले त्या वीटभट्टीच्या खड्ड्यांपर्यंत किती? साडेतीन किलोमीटर. तेवढे अंतर मी त्यांना शाळेच्या फाटकापासून चालायला लावते. ते पेट्रोल पंपापाशी संपते.

हे सगळे बाबांच्या नकाशावर चालते. गावाच्या स्मृतिग्रंथात छापलेल्या, 'आठवणीवरून, बेरिश गुरफाइन' असे खाली लिहिलेल्या. पेन्सिलने बाबांनी काढला, शाईने मी गिरवला, वयाच्या विसाव्या वर्षी. माझे दिशाचिन्ह मुले अजून हौसेने उतरवून घेतात.

या वर्षी शाळेने ठरवले आहे की तो नकाशा जिन्याखालच्या लांब भिंतीवर रंगवायचा. मुलेच रंगवत आहेत. २९ एप्रिलला, स्मृतिदिनी, उद्घाटन. झालेश्नोवाल्यांपैकी हिंडत्याफिरत्या आता एकट्या पेर्ल मावशी उरल्या आहेत. त्यांना व्हीलचेअरवरून आणणार आहेत.

नकाशा चार मीटरचा होतो आहे. एवढा मोठा करताना प्रमाण तपासावे लागते. त्यासाठी बाबांचा मूळ पेन्सिलचा कागद हवा. तो त्या बिस्किटाच्या डब्यात आहे आणि डबा तुझ्याकडे आहे. कागद रजिस्टर पोस्टाने पाठव. परत करीन. थोरलीच्या नात्याने सांगते आहे, हे पत्र बाजूला ठेवून देऊ नकोस. फोन करणार नाही; फोनवर तू मध्ये बोलतोस.

तुझी थोरली बहीण,
त्सिला


रेहोवोत,
२७ मार्च २००३

प्रिय गेरशोन,

आशीर्वाद. उत्तर नाही. पत्र पोचायला आठ-दहा दिवस लागतात हे मला कळते, तरी रोज पेटी उघडते.

युद्ध सुरू होऊन आठवडा झाला. मुले मुखवट्याची खोकी खांद्याला अडकवून शाळेत येतात, बाकाखाली ठेवतात. परवा मी वीटभट्टीचा रस्ता शिकवत होते आणि एकाचे खोके पाय लागून पडले. सबंध वर्ग दचकला. मग हसला. मी हसू दिले.

मागच्या पत्रात प्रमाणाचे लिहिले ते अर्धेच खरे होते.

माझ्या वर्गात अविशाग नावाची मुलगी आहे. सोळा वर्षांची, आजोबा येमेनचे. भिंतीवरच्या सगळ्या चौकटी तिने आखल्या. हात माझ्यापेक्षा सरळ. मी मुलांना पोलिश सैन्याचा १९३३ चा नकाशा दिला होता, विद्यापीठातून प्रत आणून. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, ठळक गोष्टी उतरवायच्या, मग तो कागद बाबांच्या नकाशावर ठेवून आठवण आणि मोजणी किती जुळते ते पाहायचे. दरवर्षी मी हेच करते. दरवर्षी मुले बाजार, पूल आणि प्रार्थनाघर जुळवतात, वा वा म्हणतात आणि घंटा होते.

या मुलीने घरे मोजली. एवढ्यावर थांबली नाही. ग्रंथाच्या मागची नावांची यादी घेऊन एकेक कुटुंब नकाशावर बसवत गेली. चार आठवडे. मला पत्ता नाही. १२ तारखेला सगळ्यांसमोर उभी राहिली.

"बाई, एक गल्ली हरवलीय."

"कुठली गल्ली?"

"कातडीच्या कारखान्यापासून नदीपर्यंत. सैन्याच्या नकाशावर सात घरं आहेत. तुमच्या बाबांच्या नकाशावर तिथं दिशाचिन्ह आहे."

मी म्हटले, म्हाताऱ्या माणसाने आठवणीने काढलेला नकाशा आहे, एखादी गल्ली राहते.

"बाई, पण त्यांनी कोंबड्यांचं खुराडंपण काढलंय. बाजारातला पाण्याचा पंपसुद्धा. आणि यादीतली एकतीस माणसं मला कुठंच बसवता येत नाहीत. कातडी कमावणारा शाये, त्याची बायको, मुलं... 'शायेची मुलगी फायगा आणि तिची लहान मुलगी.' त्या मुलीचं तर नावही नाही दिलेलं. ती सगळी गल्लीतच राहत असणार ना?"

गेरशोन, यावर मी काय बोलले ते तुला सांगते, कारण इथे सगळ्यांना माहीत झालेच आहे. मी म्हटले, "तुझे आजोबा विमानात बसून येमेनहून आले. तुझ्या घरचं कुणी होतं का तिथं? झालेश्नो मला शिकवू नकोस."

ती म्हणाली, "नव्हतं, बाई. म्हणून तर मला मोजावं लागतं."

ट्रेसिंग पेपर माझ्या टेबलावर ठेवून ती बाहेर गेली. तेव्हापासून माझ्या तासाला ती वाचनालयात बसते. भिंतीचे काम थांबले आहे. तिच्याशिवाय बाकीचे ब्रश धुण्यापलीकडे काही करत नाहीत. मुख्याध्यापक दोरोनने मला बोलावले. माझा विद्यार्थी होता तो, बसायला खुर्ची देताना अजून उठून उभा राहतो.

"त्सिला, माफी माग आणि मोकळी हो."

"कशाबद्दल? नकाशा माझा आहे."

"नकाशा तुझा, पण मुलगी बरोबर आहे की चूक तेवढं सांग."

मी म्हटले, मूळ कागद मागवला आहे, आला की सांगते.

म्हणून घाई. सबंध कागद द्यायचा नसेल तर देऊ नकोस. नदीकाठचा तेवढा कोपरा झेरॉक्स करून पाठवलास तरी भागेल.

तुझी थोरली,
त्सिला


रेहोवोत,
११ एप्रिल २००३

गेरशोन,

तुझे पाकीट मंगळवारी आले. पेसाहच्या सणाची सुट्टी लागली आहे. सणाआधी घरात पावाचा कण राहू नये म्हणून मी कपाटांमधला चुरा झाडत होते. हात पुसून उघडले.

सबंध नकाशाची प्रत आणि नदीकाठी बोटभर रुंद चौकोनी भोक. कात्रीने नाही, ब्लेडने, पट्टी लावून कापलेले. वर तुझी एक ओळ: "इथे काय लिहिलं होतं ते तू लिही. मग मूळ पाठवतो."

पहिल्यांदा मला राग आला. मग मी पाहिले की तू किती नेटके कापले आहेस. हे आपल्या दोघांना बाबांकडून आले आहे.

तीन दिवस मी स्वयंपाकघर घासले. आता घासण्यासारखे काही उरले नाही. लिहिते.

सुतकाच्या पाचव्या दिवशी तू डबा उघडलास, हा कागद माझ्यासमोर धरलास आणि नदीकाठच्या बारीक यिद्दिश अक्षरांवर बोट ठेवून म्हणालास, "मला वाचता येत नाही, तू वाच." मी पाहिले आणि म्हटले, "काही नाही. कातडीचा कारखाना, असं लिहिलंय." तू म्हणालास, "तीन ओळींत?" मग मी लोकांसमोर तुला काय काय म्हणाले ते तुला पाठ असेल. बाबांच्या आजारपणात तू कुठे होतास, आता डबे कसले उचकतोस, चोर आहेस. तू डबा उचललास आणि सातवा दिवस संपायच्या आत विमानात बसलास.

मी खोटे बोलले. मला तो कागद पाहायचीही गरज नव्हती. त्याच्या तेवीस वर्षे आधी मी तो चांगला वाचला होता.

१९६७ सालचा वसंत. स्मृतिग्रंथाच्या समितीची मंडळी दर शनिवारी संध्याकाळी आपल्याकडे जमत. तुला त्यांचे भांडण आठवेल, विहीर न्हाव्याच्या दारात होती की बेकरीच्या. बाबा ऐकत आणि खोडून पुन्हा काढत. मी जेरुसलेमला भूगोल शिकत होते, माझे अक्षर चांगले, म्हणून शाईचे काम माझ्याकडे आले. सुट्टीत घरी येऊन मी कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला. बाबा कामावर गेले होते. नदीकाठी एक गल्ली होती, सात घरे, आणि त्यांतल्या एकात बाबांनी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिले होते:

माझे घर.
फायगा.
मिंडेल, सहा वर्षांची.

बाबांचे घर म्हणजे बाजारातले, आजोबांच्या लोखंडी सामानाच्या दुकानावरचे, असेच आपण ऐकत आलो. मी आईला विचारले, "हे कोण?"

आई भोपळी मिरच्या चिरत होती. सुरी थांबली नाही. "त्याची बायको. त्याची मुलगी. त्याला जर्मनांनी रस्त्याच्या कामावर नेलं होतं, अठरा किलोमीटरवर. तीन दिवसांनी आला तेव्हा गावात कुणी नव्हतं."

मग तीच म्हणाली, "ती गल्ली शाईनं काढू नकोस, त्सिला."

"पण बाबांनी काढलीय."

"पेन्सिलनं काढलीय. हे पुस्तक घरोघर जाणार आहे. त्या गल्लीत तो फायगाचा नवरा आहे. इथं माझा आहे. मला एवढं एक घर राहू दे."

आईचे माहेरचे अकरा जण गेले. तिने आयुष्यात माझ्याकडे दुसरे काही मागितले नाही. मी वीस वर्षांची होते आणि मला वाटले, गल्ली ती केवढी. नदी पाव इंच अलीकडे घेतली. तरी जागा मोकळी दिसत होती. मोकळी जागा दिसली की माणूस विचारतो. म्हणून मी तिथे दिशाचिन्ह काढले. आठ पाकळ्यांचे, उत्तरेचा बाण काळा भरीव. एवढे सुबक चिन्ह मी पुन्हा कधी काढले नाही.

ग्रंथ छापून आला तेव्हा बाबांनी उभ्यानेच नकाशाचे पान उघडले. पुष्कळ वेळ पाहिले. मग बाणावर बोट ठेवले आणि हळूहळू खाली नदीपर्यंत नेले. तूही तिथे होतास, सोळा वर्षांचा, म्हणून तुझ्या मनात शंका आली. बाबा म्हणाले, "बाण छान काढलास, त्सिल्का." यापुढे त्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढले नाही. मीही नाही. पेन्सिलचा कागद त्यांनी माझ्याकडून मागून घेतला आणि डब्यात ठेवला.

फायगाचे नाव यादीत आले ते तिच्या कुणा चुलतभावाने दिले म्हणून. मुलीचे नाव त्याला ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. नुसते प्रुफात लिहायचे होते. प्रुफे मीच तपासली. ते नाव पस्तीस वर्षे माझ्याकडे पडून आहे. आई जाऊन पंधरा वर्षे झाली, बाबा जाऊन तेरा, तरी मी ते काढले नाही. आईला दिलेला शब्द हे कारण तेव्हाच संपले होते. नंतर उरली ती माझी चूक झाकायची सवय.

मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की खुनी माणसे आधी नकाशावरून गाव पुसतात. तीस वर्गांनी माझे दिशाचिन्ह उतरवून घेतले. मी त्यांना त्याबद्दल जादा गुणही दिले.

अजून एक. आई मला लोकांत 'आमची थोरली' म्हणायची. बाबा फक्त नावाने हाक मारत. मला वाटे, त्यांचा स्वभाव.

तू विचारलेस, मी लिहिले. कागद पाठवायचा की नाही ते आता तुझे तू ठरव. मला घर आठवत नाही. तिसरे की चौथे, हे मी गल्ली गाळताना पाहिलेच नाही.

त्सिला


रेहोवोत,
३० एप्रिल २००३

प्रिय गेरशोन,

तुला आणि घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. मुखवट्यांची खोकी माळ्यावर गेली. योरामने प्लास्टिक सोडवले, सोबत खिडकीचा रंगही आला.

तुझे काही आले नाही. मी थांबले नाही, ते सांगायला हे पत्र.

सुट्टी संपल्याच्या दिवशी, गुरुवारी, शाळेनंतर अविशागच्या घरी गेले. दार तिनेच उघडले. आत या म्हणाली नाही, बरोबरच होते.

"बाई, माफी मागायला आलात की ट्रेसिंग पेपर परत द्यायला?"

"दोन्ही," मी म्हटले आणि कागद पुढे केला. "तू बरोबर आहेस. गल्ली होती. बाबा विसरले नव्हते. मी काढून टाकली."

आतून तिच्या आजीने विचारले, "कोण आहे गं दारात? उभं काय करून ठेवलंयस?" अविशाग माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "का काढली?" मी उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगितले. आईचे, फायगाचे, बाणाचे. मिंडेलचे नाव सांगितले तेव्हा तिने आतून पेन आणून यादीच्या प्रतीवर लिहिले आणि मला दाखवून विचारले, "असंच ना?" मग म्हणाली, "आजी जेवल्याशिवाय सोडणार नाही. या."

रविवारी मी भिंतीसमोर उभी राहिले. मुलांनी माझे दिशाचिन्ह निळ्यात रंगवले होते, ताटाएवढे. सबंध वर्ग खाली बसवला आणि तुला लिहिले तेच त्यांना सांगितले. एका मुलाने विचारले, "म्हणजे बाई, आम्ही सगळ्यांनी चुकीचा नकाशा शिकला?" मी म्हटले, "हो. माझ्या चुकीचा." मग पत्र्याची पट्टी घेऊन मीच ते चिन्ह खरवडायला लागले. दोरोन जिन्यावरून धावत आला.

"त्सिला! वेड लागलं का? परवा पाहुणे येणार आहेत!"

"तू खाली ये आणि स्टूल धर."

त्याने धरले. सवय आहे त्याला.

अविशागने सात घरे बसवली. दिशाचिन्ह तिने कोपऱ्यात, गवताच्या कुरणावर हलवले. साधा बाण काढला, एका रेघेचा. एकतीस माणसे त्या गल्लीत घातली. फक्त एका घरावर ती थांबली. "बाई, कुठलं?" मी म्हटले, माहीत नाही. कागद आला नाही. सातांपैकी कुठल्याही दारावर अंदाजाने लिहिणे तिला पटेना, मलाही. तेव्हा दोन नावे गल्लीच्या तोंडाशी लिहून ठेवली.

काल उद्घाटन झाले. स्मृतिदिनाचा भोंगा वाजला, आम्ही उभे राहिलो, भोंगा थांबला. पेर्ल मावशींची खुर्ची मी ढकलत होते. ब्याण्णव वर्षांच्या आहेत, डोळ्यांवर माशा मारायच्या जाळीएवढा चष्मा. बाजारापाशी म्हणाल्या, "विहीर न्हाव्याच्या दारातच होती, मी तेव्हाच सांगत होते." मग खुर्ची नदीकाठी आली.

मावशींनी नावे वाचली. एकदा, दोनदा.

"अखेर काढलीस," त्या म्हणाल्या.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

"मला? समितीतल्या सगळ्यांना माहीत होतं. तुझ्या बापाच्या लग्नात मी नाचले होते, त्याच गल्लीत. पुस्तक आलं, पान उघडलं, सगळ्यांनी बेरिशकडे पाहिलं. बेरिश म्हणाला, बाण छान आलाय. मग आम्हीही म्हणालो, छान आलाय. तुझ्या आईसमोर, गेनियासमोर, काय बोलणार? ती चहा ओतत होती." मग त्यांनी काठी उचलली आणि चौथ्या घरावर टेकवली. "हे. दारात नाशपातीचं झाड. पोरगी कोंबड्यांना भ्यायची. खुराड्यापाशी आलं की बेरिशच्या खांद्यावर चढायची, सहा वर्षांची घोडी झाली तरी. बाजारातून सगळे ओरडायचे, बेरिश, उतरव तिला, पाय जमिनीला लागतायत!" त्या हसल्या आणि हसताहसता त्यांचा श्वास अडकला. अविशागने पाणी आणले.

म्हणून बाबांनी ते खुराडे काढले होते. सबंध बाजारात एकच, नकाशावर दुसऱ्या कुणालाही नको असलेले खुराडे. समितीने किती टिंगल केली होती. मी मात्र ते शाईने नीट गिरवले होते, एकेक पट्टी.

पाहुणे गेल्यावर अविशागने बारीक ब्रश घेतला आणि चौथ्या घरात तीन ओळी लिहिल्या. बाबांच्या, जशाच्या तशा. झाड मी काढले. माझा हात आता थरथरतो, त्यामुळे ते बरे आले.

मूळ कागद पोस्टाने पाठवू नकोस. वाटेत हरवेल. घेऊन ये. तेरा वर्षे तू तो सांभाळलास, याबद्दल मी तुला चोर म्हणाले होते, तेही तुझ्यासमोर उभे राहून परत घ्यायचे आहे. आपण दोघे तो भिंतीशेजारी धरू. तिसऱ्या ओळीतले अक्षर मी तुला वाचून दाखवीन, बोट ठेवून, तुला येईपर्यंत.

मागची खोली मोकळी आहे. खिडकी उघडते.

तुझी मधली बहीण,
त्सिला